टाकीतले तीन लिटर

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर ऑफिसात नोंदी करणाऱ्या माणसाने घरी येऊन पुन्हा वही उघडावी, हे हसण्यासारखंच आहे. पण आकडे डोक्यात घेऊन झोप लागत नाही. कागदावर उतरवले तर निदान डोक्यातून तरी उतरतील.

तर परिस्थिती अशी. पेट्रोलचा तुटवडा झाल्यापासून एका गाडीला आठवड्याला सहा लिटर मिळतात, दर गुरुवारी, कार्ड दाखवून. हिला आठवा महिना सरत आलाय आणि बाळ पोटात आडवं आहे. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर केले. बाळंतपण घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात करायचं, इथून अडतीस किलोमीटरवर. दर मंगळवारी सकाळी तपासणीही तिथेच, मग दुपारी मी ऑफिसला. "कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की एक मिनिट थांबायचं नाही," असं तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून बजावलंय. अँब्युलन्स तिकडूनच निघते, म्हणजे वेळ दुप्पट. तेव्हा आपली गाडी आणि आपलं पेट्रोल.

जाऊन-येऊन शहात्तर किलोमीटर. गाडी लिटरला चौदा देते. साधारण साडेपाच लिटर लागले पाहिजेत. ऑफिसला मी बसने जातो, दुसरीकडे कुठे गाडी काढत नाही. म्हणजे सहा येतात, साडेपाच जातात, आधीची शिल्लक टिकायला हवी. ती टिकत नाही. काटा दर आठवड्याला खाली सरकतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. चौदा वर्षं लोकांचे तराजू आणि पेट्रोलचे पंप तपासतोय. माझ्याच टाकीने मला फसवावं?

संध्याकाळी ऑफिसातलं पाच लिटरचं माप पिशवीत घालून आणलं. नियमात बसत नाही, पण नियम करणाऱ्याच्या बायकोचं बाळ आडवं नसणार. टाकीत नळी घालून सगळं पेट्रोल बाहेर काढलं, मोजलं, परत ओतलं. बाबांनी नळी धरली. ही दारातून ओरडत होती, "अरे, घर पेटवाल दोघं मिळून!" आजचे सहा धरून भरले बरोबर चौदा लिटर. पुढच्या गुरुवारी सहा लिटर टाकल्यावर पुन्हा मोजायचं. चौदाच्या थोडं वर निघालं पाहिजे.

"एवढं काय मोजायचं?" बाबा हात पुसत म्हणाले.

"वेळेला पेट्रोल संपलं तर, बाबा?"

"पेट्रोल कमी असलं तरी गाडी थोडी तरी जाते," एवढंच बोलून ते आत गेले. बाबांचं बोलणं हल्ली असंच, अर्धं तोंडात.

९ नोव्हेंबर, रविवार

फ्यूजमामाकडे जाऊन आलो. कोपऱ्यावरच्या दुकानात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, सगळं गाव त्याला मामाच म्हणतं. त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि हसायलाच लागला.

"साहेब, ही गाडी आहे की विजेच्या सामानाचं दुकान?"

खोटं नाही म्हणवत. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा मला नाद लागला होता. सीटवर गरम होणाऱ्या गाद्या, धुक्याचे दोन पिवळे दिवे, मागच्या काचेवरचं दव घालवणाऱ्या तारा, मोठे स्पीकर आणि त्यांचा अँप्लिफायर, मागे बघायचा स्क्रीन, चार चार्जर. मामाने समजावून सांगितलं ते असं. वीज काही आभाळातून पडत नाही. इंजिन अल्टरनेटर फिरवतं, अल्टरनेटर वीज करतो. दिवा लावला, गादी गरम केली, की अल्टरनेटर जड होतो आणि इंजिनाला जास्त पेट्रोल प्यावं लागतं. "एकेक चीज थोडं थोडंच खाते हो. पण खाणारी तोंडं किती, ते बघा."

म्हणजे कुंपणच शेत खातंय. एकेक चीज काढून बघायची, एका आठवड्याला एक. चोर सापडेलच.

मामा पुढे म्हणाला, "आणि पुढच्या काचेवरचा कॅमेरा कुठे गेला? मीच बसवला होता, गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग करणारा."

बिघडला, म्हटलं. कॅमेरा माझ्या ऑफिसच्या खणात आहे. का ठेवलाय, माहीत नाही.

१० नोव्हेंबर

ऑफिसातून सहाला घरी आलो तर शेजारचा बोका बॉनेटवर पाय ताणून झोपलेला. एवढ्या थंडीत उघड्या शेडमध्ये याला मजा कसली वाटते कोण जाणे. हाकललं. रंगावर नखांचे ओरखडे पडलेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा लिटर आणि सहाशे मिली.

दोनदा मोजलं. सहा टाकले, अकरा पूर्णांक सहा उरले, म्हणजे आठवड्यात आठ पूर्णांक चार गेले. जायला हवे होते साडेपाच. जवळजवळ तीन लिटर हवेत विरले. किलोमीटरचा काटा बघितला. मंगळवारच्या शहात्तरपलीकडे गाडी एक मीटर हललेली नाही.

या हिशेबाने आणखी चार आठवड्यांत टाकी कोरडी. आणि हिची तारीख पाच आठवड्यांवर. 

हिला सांगितलं तर म्हणाली, "लिटर-दोन लिटर इकडेतिकडे होणारच रे." पूर्वी हीच मला दुधाच्या पातेल्यात अर्धा कप कमी का, म्हणून विचारायची! पोटातल्या बाळाने आईला उदार केलेलं दिसतंय.

१४ नोव्हेंबर

पंपावर खात्याच्या अधिकाराने अचानक तपासणी केली. पंपावरच्या ताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. पाच लिटर मागितले, पाच लिटर मापात पडले, थेंब कमी नाही की जास्त नाही. सील शाबूत.

"साहेब, मागच्याच महिन्यात तपासून गेलात," ताई म्हणाल्या. "घरी सगळं ठीक ना?"

घरी सगळं ठीक आहे असं सांगितलं. सही करताना अक्षर वेडंवाकडं आलं.

आता टाकीला कुलपाचं झाकणही बसवलंय. किल्ली माझ्या खिशात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

या आठवड्याचा संशयित आरोपी म्हणजे गरम गाद्या. फ्यूज काढून खिशात ठेवला. हॉस्पिटलला जाताना हिची कंबर धरली. घाटात दोनदा गाडी थांबवून चालायला लागली. मी म्हणालो, हे बाळासाठीच चाललंय. ती म्हणाली, "बाळ माझ्या कंबरेलाच टांगलंय रे, टाकीला नाही."

डॉक्टर म्हणाले, बाळ अजून आडवंच आहे. पाणी गेलं तर नाळ खाली यायची भीती असते. म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं. इथे लिहीत नाही.

परतताना ही डोळे मिटून बसली होती. मधेच म्हणाली, "तू बाबांशी बोल ना जरा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. आई गेल्यापासून तुम्ही दोघं फक्त भाजी काय आणायची तेवढंच बोलता."

मी समोरच्या धुक्याकडे लक्ष दिलं. घाटात गाडी चालवताना असले विषय काढू नयेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नऊ पूर्णांक तीन. गरम गाद्या निर्दोष सुटल्या. हिची मात्र उगाच फरफट झाली. गाद्यांचा फ्यूज परत लावला नाही. थोडं तरी वाचत असेल ना?

गाडी झाडताना सीटखाली बाबांचा वाचायचा चष्मा सापडला. विचारलं तर म्हणाले, परवा हॉस्पिटलला आलो होतो तेव्हा पडला असेल. बाबा परवा आले नव्हते. त्याच्या आधीच्या मंगळवारी आले होते. वयाबरोबर दिवसांचा घोळ व्हायला लागलाय. एक नवीन काळजी.

२२ नोव्हेंबर

कालपासून ताप. गोधडीत पडून राहिलोय. पडल्या पडल्या विचार हाच. आता धुक्याच्या दिव्यांचा नंबर. काल उठून त्यांचे बल्ब काढून ठेवले तेव्हा बाबा बघत होते.

"घाटात लागतील ते," म्हणाले.

"साध्या दिव्यांवर नेईन."

बाबा दुपारभर अस्वस्थ. येरझाऱ्या घालत होते. चार वाजता शेडपर्यंत गेले, माझ्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं आणि परत आले. परत घड्याळ बघितलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चारचा ठोका अंगातून गेला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते जनरेटर सांभाळायचे. वीज असो-नसो, रोज चारला वीस-पंचवीस मिनिटं जनरेटर चालवायचं आणि नोंदवहीत लिहायचं. लहानपणी मी विचारलं होतं की वीज असताना कशाला चालवता? ते म्हणाले होते, "ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी सुरू होतंय का ते बघायचं नसतं, राजा. ते आधी बघायचं असतं." आणि नुसतं सुरू करून उपयोग नाही, सगळे दिवे, सगळे पंखे लावून, पूर्ण ओझ्यावर चालवायचं.

तापात कसल्या कसल्या आठवणी येतात.

२४ नोव्हेंबर

ऑफिस बुडाल्याचा तिसरा दिवस. ताप उतरलाय. मामा बघायला आला, येताना संत्री घेऊन. बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, त्या वेळची तुमची जुनी बॅटरी अजून माझ्या दुकानात चालतेय हो. ठणठणीत! आठ महिन्यांची बॅटरी तुम्ही उगाच बदललीत. मेली कुठे होती, नुसती रिकामी झाली होती. असं काय चालू राहिलं होतं गाडीत?"

बाबा समोरच बसले होते. मी मामाला म्हणालो, संत्री गोड आहेत.

त्या सकाळबद्दल या वहीत लिहायचं नाही असं मी पहिल्या दिवशीच ठरवलंय. बॅटरी जुनी होती. तेव्हा मी सगळ्यांना तेच सांगितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला! आठ पूर्णांक चार लिटर उरले. म्हणजे या आठवड्यात जादा गेले फक्त दीड. निम्म्याने घट, आणि बदल एकच, धुक्याचे दिवे बंद. आकडे खोटं बोलत नाहीत. हिला जवळजवळ उचलूनच घेणार होतो, मग तिच्या पोटाकडे बघून विचार बदलला.

"अरे, पण तू तीन दिवस तापाने घरी होतास," ती म्हणाली.

"त्याचा इथे काय संबंध?"

तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी ताटाकडे बघितलं.

आनंदात विरजण एकच. पंपावर पाटी लागलीय, पुढच्या गुरुवारपासून सहाऐवजी चार लिटर.

२ डिसेंबर, मंगळवार

आज घाटात धुकं इतकं दाट की बॉनेटचं टोक दिसेना. धुक्याचे दिवे नव्हते. मागच्या काचेच्या तारांचाही फ्यूज काढलेला, काच आतून पांढरी. वळणावर समोरून ट्रक आला तो अंगावर आल्यावरच दिसला. मी गाडी कडेला ओढली.  ही मिनिटभर पोटावर हात ठेवून बसली आणि मग फडक्याने समोरची काच पुसायला लागली. 

घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात तिचा आणि बाबांचा आवाज येत होता, हळू. ती म्हणत होती, "मी सांगते ना त्याला." बाबा म्हणत होते, "नको. तो कोसळेल."

मी कशाने कोसळणार? टाकी रिकामी आहे हे तर मलाच सगळ्यांत आधी कळलंय.

४ डिसेंबर, गुरुवार

चार लिटर. बस, चार. आजचे चार धरून.

म्हणजे धुक्याचे दिवेही निर्दोष आणि मी मूर्ख. आठवड्यात पुन्हा आठ पूर्णांक चार गेले. सगळं काढलं, गाद्या, दिवे, तारा, स्पीकर, चार्जर. गाडीत आता नुसता अंधार आणि गारठा उरलाय, तरी तीन लिटर जातातच. एका बाजूला अडतीस किलोमीटर, चढ धरून तीन-साडेतीन लिटर. आत्ता या क्षणी निघालो तर पोचू. मंगळवारची तपासणी केली तर परतीच्या वाटेवरच टाकी कोरडी.

 जेवण जात नाही. ही झोपली की मी तिचा श्वास मोजतो.

उद्या शेवटचा उपाय. सकाळी ऑफिसला जाण्याआधी बॅटरीची एक वायरच सोडून ठेवणार. एकही तार जिवंत नको. त्यावरही पेट्रोल कमी झालं तर टाकीलाच भोक आहे असं समजायचं. कुणाला सांगत नाही. या घरात सांगितलं की सगळे एकमेकांकडे बघतात. वायर परत जोडायला दोन मिनिटं लागतात, आणि मी काही दूर नसतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

नीट लिहिता येईल का, माहीत नाही. लिहितो.

सहाला घरी आलो. बॉनेटवर बोका नव्हता, हे मला आधी दिसलं. मग दिसलं की गाडीत कुणीतरी बसलंय. ड्रायव्हरच्या सीटवर बाबा, शेजारी ही, तिच्या शालीचं एक टोक बाबांच्या खांद्यावर. बाबांचा हात किल्लीवर होता. स्वयंपाकघरात टांगलेली दुसरी किल्ली. ते ती फिरवायचे, थांबायचे, परत फिरवायचे. काहीच आवाज नाही. कपाळावर घाम, आणि ओठ हलत होते.

"सुरू होत नाही रे," माझ्याकडे बघून ते म्हणाले. "आज पण सुरू होत नाही. तिला आत बसवलंय मी. सुरूच होत नाही."

त्यांना मी इतकं घाबरलेलं एकदाच बघितलंय.

ही म्हणाली, "चार वाजल्यापासून इथेच आहेत. उठायलाच तयार नाहीत. तू काय केलंस गाडीला?"

मी बॉनेट उघडलं. वायर जोडताना पाना दोनदा हातातून निसटला. आतून बाबांनी किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं. लगेच त्यांचे हात ठरलेल्या जागी गेले. पुढचे दिवे, मग पंखा, मग वायपर. नंतर त्यांनी गादीचं बटण दाबलं, काचेच्या तारांचं दाबलं, धुक्याच्या दिव्यांचं दाबलं. त्यातलं काहीच लागलं नाही, कारण सगळं मी काढून ठेवलं होतं. ते प्रत्येक बटण दाबून बघत होते, पूर्ण ओझ्यावर, एक्स्चेंजच्या जनरेटरसारखं. रोज, चार वाजता, मी ऑफिसात असताना, पंचवीस मिनिटं.

माझे तीन लिटर.

मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलो. "बाबा, तुम्हीच? महिनाभर मी वेडा झालोय, आणि तुम्ही माझ्याबरोबर नळी धरून मोजत होतात?"

बाबांनी इंजिन बंद केलं. म्हणाले, "आधी वीस मिनिटं चालवायचो. तू एकेक वस्तू काढत गेलास, म्हणून पाच मिनिटं वाढवली. ओझं कमी झाल्यावर बॅटरीची खरी ताकद कळेना."

हिने डॅशबोर्डच्या खणातून एक वही काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच," म्हणाली. "पहिलं पान."

रेघा मारलेले रकाने. तारीख, वेळ, व्होल्ट, मिनिटं, शेरा. बाबांचं एक्स्चेंजचं अक्षर. पहिली नोंद गेल्या वर्षीची, अकरा सप्टेंबर. शब्द न् शब्द उतरवतो.

"स. ६.१०. सुरू झाली नाही. दुपारी मोजले, व्होल्ट ९.१. कारण: कॅमेरा चार दिवस चालू राहिला. मुलाला सांगू नये."

त्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. आईला नुकतंच स्मशानात पोचवून आलो होतो. त्या गर्दीतून उठून बाबा शेडमध्ये गेले, मीटर लावून बॅटरी मोजली, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसले. माझ्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी मी चोरासारखा जाऊन कॅमेरा काढला, तेव्हा मला वाटलं होतं की जगात फक्त मला माहीत आहे.

चौदा महिने. रविवार सोडून प्रत्येक दिवस. आणि मधे या नोव्हेंबरात तीन दिवस नोंद नाही. शेरा: "मुलगा घरी. ताप."

६ डिसेंबर, शनिवार

सुटी टाकली. सकाळी चहा घेताना मीच विषय काढला. आधी कपबशीकडे बघत, मग बाबांकडे.

त्या सकाळी आई छातीवर हात दाबून धरत मागच्या सीटवर बसली होती. मी किल्ली फिरवत होतो आणि गाडी नुसती टकटक करत होती. पलीकडच्या गल्लीतून गाडी मिळवून निघेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मी चार दिवस गाडी काढली नव्हती आणि तो कॅमेरा रात्रंदिवस बॅटरी पीत होता. बॅटरी जुनी नव्हती. हे सगळं मी बोललो. पहिल्यांदाच बोललो. मधेच मला हुंदका फुटला तर ही उठून माझ्यामागे उभी राहिली.

"डॉक्टर म्हणाले होते ना, काही फरक पडला नसता?" मी विचारलं. चौदा महिने या एका वाक्यावर मी तग धरलाय. ते मला बाबांनीच सांगितलं होतं.

बाबांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला.

"मी विचारलंच नाही डॉक्टरांना," ते म्हणाले. "विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं."

  मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. माझ्याही येत असणार.

मग हीच म्हणाली, "आता रडारड पुरे. मला घाटात दिसायला हवंय, आणि माझी कंबर गरम हवीय." दिवसभर आम्ही दोघं काढलेलं सगळं परत लावत होतो. बल्ब, फ्यूज, गाद्या. मामा आला, दाराशी उभा राहून बघत म्हणाला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, साहेब!" त्याला काहीच माहीत नाही, तरी बरोबर बोलला. म्हणाला, घरच्या विजेवर चालणारा चार्जर देतो, पेट्रोल जाळायची गरजच नाही.

"चार्जर एवढंच सांगेल की बॅटरी भरलीय," बाबा म्हणाले. "गाडी सुरू होते की नाही, ते गाडीच सांगते."

शेवटी तोडगा निघाला. चार्जर लावायचा, आणि रोज चारला गाडी फक्त सुरू करायची, साठ आकडे मोजायचे, बंद. आज दोघांनी मिळून मोजले. पन्नासच्या पुढे बाबांचा आवाज नीट झाला. टाकी मोजायचा मोह मी आवरला. चारच्या आत-बाहेर आहे, गुरुवारपर्यंत काही मिळणार नाही, आणि मोजून एक थेंबही वाढत नाही. हे कळायला मला एक महिना लागला. भीती मात्र होती तिथेच आहे. बाळ आडवंच आहे.

७ डिसेंबर, रविवार. हॉस्पिटल.

पहाटे सहाला पाच मिनिटं असताना हिने मला हलवलं. "पाणी गेलं."

मी बूट शोधत होतो. एकच सापडत होता. तेवढ्यात शेडमधून इंजिनाचा आवाज आला. एकच फेरी, आणि सुरू. बाबा झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून माझ्या आधी तिथे पोचले होते. हिला मागच्या सीटवर आडवं झोपवलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, कंबरेखाली उशी. शेजारी बाबा, तिचे पाय मांडीवर घेऊन. मी चपलांवरच निघालो.

बाहेर धुकं. माझा हात धुक्याच्या दिव्यांच्या बटणापाशी गेला आणि अडला. काट्याखालचा पिवळा दिवा आधीच लुकलुकत होता. दिवे लावले तर पेट्रोल, नाही लावले तर ट्रक.

"सगळं लाव," ती मागून म्हणाली. दात आवळून. "सगळं."

सगळं लावलं. पिवळे दिवे, गाद्या, मागची काच, पंखा. घाटात वर चढताना पेट्रोलचा दिवा कायमचा लागला. अजून एकवीस किलोमीटर होते. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. मी मनात भागाकार करायला लागलो तर बाबा मागून म्हणाले, "मोजू नकोस. रस्ता बघ." उतारावर गाडी गियरमध्येच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, इंजिन आपोआप फिरत होतं. हिच्या कळांमधलं अंतर बाबा घड्याळ लावून सांगत होते, एक्स्चेंजमधल्या आवाजात. सात मिनिटं. सहा. सहा. पाच.

हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती. स्ट्रेचर आलं. तिला आत नेलं. जाताना तिने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की नर्सने सोडवलं.

बाकावर बसून लिहितोय.  दाराच्या वरचा दिवा लाल आहे. बाबा कुठे दिसत नाहीत.

७ डिसेंबर, त्याच दिवशी, दुपारी

मुलगी. दोन किलो आठशे. दोघी सुखरूप. ऑपरेशन करावं लागलं. नाळ खाली यायला लागली होती, डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... आणि मी त्यांना पुढचं विचारलं. विचारायचंच, असं ठरवलं होतं. "किती उशीर?"

"पंधरा-वीस मिनिटं," ते म्हणाले.

मी भिंतीला टेकलो. 

बाबांना सांगायला धावत खाली गेलो. ते गाडीत बसले होते, चष्मा लावून, वही मांडीवर. सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत चष्मा लावला, आणि मुलीचं वजन मला दोनदा विचारून घेतलं. मग लगबगीने वर गेले, नातीला बघायला. वही सीटवरच राहिली.

शेवटची नोंद आजची आहे. रकाने तेच. व्होल्टचा आणि मिनिटांचा रकाना रिकामा आहे, मोजायला वेळ नव्हता.

"स. ५.५८. सुरू झाली."

शेऱ्याच्या रकान्यात आधी "कारण" असं लिहून खोडलंय. त्यापुढे फक्त एवढंच आहे: "मुलाला सांगावे."